बेचाळीस इंच खोल, बारा इंच रुंद

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कलकत्त्यात डमडमच्या एका क्लबच्या मैदानावर, मी एका रविवारी दुपारी एका लोखंडी दांड्याभोवती एकूण सतरा फेऱ्या मारल्या. त्यातल्या पाच चुकीच्या दिशेनं होत्या आणि एक जाणूनबुजून चुकीच्या दिशेनं. आकडे मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवले, म्हणून नक्की सांगू शकतो.

साल चौऱ्याहत्तर, महिना डिसेंबर. कलकत्त्यात ज्याला थंडी म्हणतात ती पडली होती, म्हणजे आमचे शेजारी कानटोप्या घालून फिरत होते आणि मी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. मी एका सरकारी कारखान्याच्या बांधकाम विभागात एस्टिमेट करायचो. किती विटा, किती वाळू, किती दिवस. बदली होऊन आलो त्याला सहा वर्षं झाली होती.

या गोष्टीतला दांडा माझा नव्हे. तो मास्तरांच्या मल्लखांबासाठी होता.

मास्तर जन्मानं कलकत्त्याचे. वय सदुसष्ट. एका शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले, बागबाजारच्या एका गल्लीत राहणारे. मराठी अगदी आपल्यासारखं बोलायचे, फक्त पाणी 'प्यायचे' नाहीत, बंगाल्यांसारखं 'खायचे'. त्यांच्याकडं शिसवी मल्लखांब होता. लांबी बारा फूट, बुंध्याचा व्यास साडेसात इंच. ज्या आखाड्यात तो उभा होता त्या जागेवर इमारत आली, तेव्हा मास्तरांनी तो घरी आणून जिन्याखाली आडवा ठेवला. नऊ वर्षं. दर महिन्याला त्याला एरंडेल चोळायचे. त्यांच्या घरी गेलं की आधी मल्लखांबाचे पाय ओलांडावे लागत, मग चहा मिळे.

आमच्या मराठी मंडळातल्या चौघा-पाचजणांनी खटपट करून डमडमच्या त्या क्लबकडून मैदानाचा एक कोपरा मिळवला. आम्ही ऑक्टोबरात कुदळीनं खड्डा खणला. वर फूटभर राबीट, म्हणजे विटामातीचा भराव, खाली ओली चिकणमाती. खड्डा अडीच फूट रुंद झाला, कडा ढासळल्या, आणि त्यात पुरलेला खांब आठ दिवसांत नऊ इंच कलला. क्लबचे सेक्रेटरी त्याला टेकून उभे राहिले तर तो आणखी कलला.

सेक्रेटरीबाबू पन्नाशीचे, जाड चष्म्याचे आणि सदैव चेष्टेच्या तयारीतले. त्यांचं मत होतं की त्या कोपऱ्यात बॅडमिंटनचं कोर्ट छान बसेल. त्यांनी मास्तरांना स्वच्छ सांगितलं, ''दादा, डिसेंबरातल्या अमुक रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमची कमिटी मैदानावर येणार. त्या वेळी खांब सरळ उभा असला आणि माझ्या धक्क्यानं हलला नाही, तर कोपरा तुमचा. नाहीतर कोर्टाचा चुना टाकणार.''

मास्तरांनी खांबावरची माती पुसली. परतताना बसमध्ये मला एवढंच म्हणाले, ''पुन्हा जिन्याखाली नेला, तर मी काही त्याला परत बाहेर काढायचा नाही. तेवढा दम राहिला नाही आता.''

मी घरी येऊन हिशेब केला. खांब जमिनीवर साडेआठ फूट हवा, जमिनीत साडेतीन. बुंधा साडेसात इंचाचा. न ढासळलेल्या चिकणमातीत बारा इंच व्यासाचं सरळ भोक पडलं, तर सगळीकडून सव्वादोन इंच फट राहते. तीत विटांचे तुकडे ठोकले की खांब हत्तीलाही हलायचा नाही. पण बारा इंच रुंद आणि बेचाळीस इंच खोल भोक माणसाला कुदळीनं पाडता येत नाही. त्याला गिरमिटच हवं, सुताराचं असतं तसं, पण माणसाएवढं.

माझ्या ऑफिसला ज्यांच्याकडून कामं होत त्या कंत्राटदारांकडं ते होतंही. त्यांच्याकडं मागणं मला शक्य नव्हतं. मी तसं म्हटल्यावर बायको म्हणाली, ''मग ज्याचा तुमच्या ऑफिसशी संबंध नाही असा एखादा शोधा. कलकत्त्यात तेवढेच कंत्राटदार आहेत का?'' आणि तिनंच शोधला. आमच्या घरमालकांच्या मेहुण्यानं गोदीच्या लिलावात एक जुना छोटा लोडर घेतला होता. जहाजाच्या पोटात उतरवून धान्याचे ढीग सरकवायला वापरायचे तो. त्याच्याबरोबर एका लाकडी खोक्यात पुढं अडकवायचं गिरमिटही आलं होतं, जे कुणी कधी वापरलं नव्हतं. रविवारचा दिवस त्यांनी आनंदानं दिला. मी डिझेल भरून देईन असं कबूल केलं आणि दिलं.

लोडर ट्रकवरून उतरताना पाहिला आणि मला हसूच आलं. लांबी जेमतेम आठ फूट. चार चाकं, पण एकही वळत नाही. स्टिअरिंग नाही. दोन दांडे, डावा डाव्या चाकांचा आणि उजवा उजव्या चाकांचा. दोन्ही पुढं ढकलले की पुढं, एक पुढं आणि एक मागं केला की यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरतं, चाकं घासत, गवत खरडत. दार नाही, पुढून, लोखंडी हातांच्या मधून चढून आत बसायचं. त्या हातांच्या टोकाला सहा फुटी गिरमिट लटकत होतं, स्क्रूसारख्या पात्यांचं.

चालवणारा मिस्त्री बिहारचा, अतिशय शांत. त्यानं आधीच सांगितलं, ''साहब, इसका रिवर्स सोया हुआ है। गिरमिट सीधा घूमता है, उल्टा नहीं घूमता।''

मी वहीच्या कागदावर कामाची रीत लिहूनच आणली होती. पहिला नियम : दर आठ इंचांनी गिरमिट वर काढून माती झटकणे. दुसरा : हात खाली येताना गोलाईत येतात, म्हणून दर फुटाला यंत्र थोडं मागं घेऊन ओळंबा तपासणे. गिरमिटाच्या दांड्यावर दर सहा इंचांवर खडूच्या खुणाही केल्या. मिस्त्रीनं कागद आदरानं वाचल्यासारखं केलं आणि खिशात ठेवला.

बायकोनं हळदकुंकू, फुलं, नारळ आणले होते. जुन्या खड्ड्यापासून चार हात दूर, खणायच्या जमिनीला कुंकू लागलं, बाजूला गवतावर फडक्याखाली आडव्या ठेवलेल्या खांबाला लागलं, मिस्त्रीनं हात जोडून सांगितल्यामुळं गिरमिटालाही लागलं. मास्तरांनी नारळ फोडला. सेक्रेटरीबाबू आपल्या दोन क्लबवाल्यांना घेऊन मजा बघायला आले होते. ते म्हणाले, ''अरे बाबा! बर्गी आले! तुम्हा मराठी घोडेस्वारांच्या भीतीनं सव्वादोनशे वर्षांपूर्वी बागबाजारपासून खंदक खणला, आता तुम्ही स्वतःच यंत्र घेऊन खणायला आलात!''

मास्तर म्हणाले, ''तो खंदक पुरा झाला नाही. आम्ही पुरा करणार.''

मिस्त्रीनं पहिले आठ इंच घेतले. राबिटाचा खडखडाट झाला, मग गिरमिट वर आलं आणि त्यानं माती झटकली. सोळा इंच. पिवळट चिकणमाती निघाली, लोण्यासारखी. चोवीस इंच. ओळंबा अचूक. घड्याळात अडीच वाजले होते. सगळं माझ्या कागदाप्रमाणं चाललं होतं, आणि इथं मला तो मोह झाला.

मी म्हणालो, ''मिस्त्रीजी, एक मिनट हम बैठें?''

आयुष्यभर मी यंत्रांचे तास मोजले, त्यांचं भाडं मांडलं, पण एकाही यंत्रावर बसलो नव्हतो. मिस्त्री उतरला. मी पुढून चढलो. चढताना सदऱ्याचं एक बटण गेलं. मिस्त्रीनं गिरमिट बाहेर काढलेलंच होतं, म्हणून आधी जरा दांडे हलवून बघितले. डावा पुढं, उजवा मागं. मैदान फिरलं. डमडमचं विमान डोक्यावरून जात होतं, तेही फिरलं. बायको, मास्तर, सेक्रेटरीबाबू, पुन्हा बायको. मी ओरडत होतो असं नंतर मला सांगण्यात आलं.

''अहो! पुरे!'' बायको ओरडली, पण ती पोट धरून हसत होती, त्यामुळं मी ते मनावर घेतलं नाही. आणखी दोन गिरक्या घेतल्या, भोकावर नेमका आलो (हे मिस्त्रीनं ढकलून आणलं असं तो म्हणतो), आणि गिरमिट खाली सोडलं.

ते फिरत खाली जायला लागलं. काय सुंदर जात होतं! घरंघरं असा जाड आवाज, खुर्चीखाली कंप, आणि खडूची एकेक खूण जमिनीत गडप. तीस इंचाची खूण दिसेनाशी झाली तेव्हा मला वाटलं, वाः. बत्तीस इंचाला वर काढायचं होतं, तेही मला ठाऊक होतं. मी स्वतःच लिहिलं होतं. पण ते इतकं खुशीत चाललं होतं की मधेच थांबवणं जिवावर आलं.

चौतीस इंचांवर लोडरची मागची दोन चाकं हळूच वर उचलली गेली. मी खुर्चीतून पुढं झुकलो, इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं.

मिस्त्री जवळ आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, ''पकड़ लिया।''

ओल्या चिकणमातीनं गिरमिट धरलं होतं. वर ओढावं तर यंत्रच खाली वाकत होतं. उलटं फिरवावं तर रिव्हर्स झोपलेला. कुदळी घेऊन भोवती खणलं, तर ऑक्टोबरातलाच अडीच फुटी खड्डा, तोच ढासळणारा काठ, आणि कमिटी पाचला येणार. तीन वाजायला दहा मिनिटं होती. मास्तर खांबाजवळ गवतावर बसले होते. त्यांनी खांबावरचं फडकं नीट केलं, जसं कुणी झोपलेल्याचं पांघरूण नीट करतं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, ''मास्तर, चूक माझी आहे. पंचवीस टक्केसुद्धा यंत्राची नाही.''

''ते दिसलं,'' मास्तर म्हणाले. ''निघेल का, ते सांगा.''

उपाय मिस्त्रीनंच सुचवला. गिरमिट यंत्रापासून सोडवायचं आणि माणसांनी फिरवून काढायचं. त्यानं हातोडीनं जाड खुंटी ठोकून काढली आणि लोडर मागं घेतला. गिरमिटाच्या डोक्यात खुंटीचं आरपार भोक होतं, इंचभर. त्यात आमची पहार बरोबर बसली. पहारीच्या दोन्ही टोकांवर नळाचे पाइप चढवले. एका बाजूला पाच फूट, दुसऱ्या बाजूला पाच फूट. मी पटकन गणित मांडलं : आठ माणसं, प्रत्येकी निदान पंधरा किलोचा जोर. निघायला हवं.

आठजण झालो. मंडळातले आम्ही चौघे, त्यांत पुण्याहून नुकतेच बदलून आलेले एक बँकेतले साहेब, माझी बायको, पदर खोचून, क्लबचे दोघे, आणि शेवटी सेक्रेटरीबाबू, चष्मा खिशात ठेवून. मास्तरांना मी बसायला सांगितलं. मिस्त्री पाण्याची बादली आणायला नळावर गेला, आणि तेवढ्यात आम्ही सुरुवात केली.

कुणी दिशा सांगितली नाही. सांगायची गरजही कुणाला वाटली नाही. कुंकू लावलेली, फुलं वाहिलेली वस्तू मधे उभी. तिच्याभोवती फिरायचं म्हणजे ती उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं. जन्मभर देवाला उजवी घातलेली माणसं आम्ही. बंगालीही तशीच घालतात, त्यामुळं तेही निमूट त्याच बाजूनं निघाले.

''एक!'' मी मोजायला लागलो. जड गेलं, पण हललं.

''हललं! हललं!'' सगळे ओरडले.

''दोन!''

सेक्रेटरीबाबू धापा टाकत म्हणाले, ''आमच्यात नवरीला नवऱ्याभोवती सात वेळा फिरवतात. सात झाले की ही तुम्हाला कायमची चिकटणार!''

''तुम्ही ढकला, लग्नाचं आम्ही बघतो!'' बायको म्हणाली.

''तीन!'' बँकेतले साहेब घसरले आणि पाइपाला लोंबकळत अर्धी फेरी तशीच आले. त्यांचा एक बूट मागं राहिला. हसण्यानं जोर जात होता, म्हणून मी सगळ्यांना गंभीर व्हायला सांगितलं. त्यावर जास्तच हसले.

''चार!''

''मला वाकावं लागतंय,'' साहेब म्हणाले.

''पाच!''

''अहो,'' बायको म्हणाली, ''मघाशी ही पहार माझ्या पोटाशी होती. आता मांडीशी आली. असं कसं?''

बादली घेऊन मिस्त्री परत आला होता. तो थोडा वेळ बघत राहिला. मग अत्यंत अदबीनं म्हणाला, ''साहब, आप लोग इसको कस रहे हैं।''

आम्ही थांबलो. मी खाली पाहिलं. खडूची छत्तिसाची खूण नव्हती. मी टेप काढून मोजलं. पाच फेऱ्या मी मोठ्यानं मोजल्या होत्या आणि त्या पाच फेऱ्यांत आम्ही आठजणांनी घाम गाळून गिरमिट सात इंच आणखी खाली घुसवलं होतं.

सेक्रेटरीबाबू जमिनीवर बसले. त्यांना भोवळ आली होती आणि हसूही आवरत नव्हतं. ''बर्गी!'' ते एवढंच म्हणू शकत होते. ''अरे, हे बर्गी!''

टेप माझ्या हातात होता आणि त्यावरचा आकडा मी पुन्हा वाचला. चौतीस आणि सात, एक्केचाळीस. आम्हाला हवे होते बेचाळीस.

मी म्हणालो, ''एक फेरी अजून. ह्याच बाजूनं.''

''वेडे झालात?'' बायको म्हणाली.

''एक इंच कमी आहे. परत उलगडून पुन्हा यंत्र बसवण्यापेक्षा आत्ताच घेऊ.''

मास्तर गवतावरून उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला 'गाढव' म्हणाले. मग स्वतः येऊन पाइपाला हात लावला. आम्ही सहावी फेरी मारली, सगळे कमरेत वाकून, जणू कुणाची तरी पडलेली अंगठी शोधतोय. मी मोजलं : बेचाळीस, आणि वर एक सूत. सूतभर सोडून द्यायला मी तयार होतो.

आता उलटं. सगळ्यांनी पाइपाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहायचं. तेवढ्यात बँकेतले साहेब अडले. ''पूजा केलेल्या वस्तूला उलट्या फेऱ्या? शुभकार्यात? आमच्याकडं हे चालत नाही.''

''आमच्याकडंही नाही चालत,'' मंडळातले दुसरे एक म्हणाले. आणि खरं सांगायचं तर माझेही पाय निघत नव्हते. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

''नारळ फोडून तास झाला,'' बायको म्हणाली. ''देव नैवेद्य घेऊन कधीच झोपले. कुणी बघत नाहीये.''

मास्तर म्हणाले, ''माझ्याकडं शिकलेल्या प्रत्येकानं आधी सरळ उडी शिकली आणि मग उलटी. उलटी येत नाही त्याला मी कधी खांबावर चढलेला मानलं नाही. चला, फिरा उलटं. पाप लागलं तर ते माझं.'' आणि साहेबांकडं बघून, ''बूट घाला आधी.''

पहिली उलटी फेरी पाच मिनिटं घेऊन गेली. पहार वाकते की काय असं वाटलं. पायाखालचं गवत निघून चिखल झाला. दुसरी जरा सैल. तिसरीला मातीतून चप् असा आवाज आला, आणि सेक्रेटरीबाबू ओरडले, ''सोडलं! सोडलं!'' मग आम्ही पळायलाच लागलो. चार, पाच, सहा. पहार मांडीवरून पोटाशी, पोटावरून छातीशी. बायकोचे केस सुटले होते. क्लबचे दोघे बंगालीत आकडे ओरडत होते, मी मराठीत, आणि मिस्त्री बाजूला उभा राहून हिंदीत. तिन्ही आकडे जुळत नव्हते. माझाच बरोबर होता. अकराव्या फेरीला गिरमिट लटपटायला लागलं. मिस्त्रीनं लोडर आणला, साखळी बांधली आणि ते वर खेचलं. अंगावर पिवळ्या मातीची वेटोळी घेऊन ते बाहेर आलं.

खाली भोक राहिलं. त्याच्या कडा इतक्या गुळगुळीत की कुंभारानं आतून हात फिरवलाय असं वाटावं. मी पालथा पडून आत टेप सोडला. बेचाळीस. ओळंबा सोडला. मधोमध.

खांब उतरवला, विटांचे तुकडे आणि वाळू थरांनी घालून धुमसानं चोपलं. चोपायला सेक्रेटरीबाबूच सगळ्यात पुढं होते. मी त्यांना आठवण करून दिली की तुम्ही कमिटी आहात. ते म्हणाले, ''पाचला कमिटी. आत्ता चार-चाळीस झालेत.''

पाचला ते चष्मा घालून, चेहरा कोरडा करून, दोन सभासदांबरोबर आले, जणू दुपारपासून आम्हाला पाहिलंच नव्हतं. त्यांनी खांद्यानं खांबाला धक्का दिला. मग पाठ लावून दिला. मग तिघांनी मिळून. मी ओळंबा धरून बघत होतो. दोरा काही सरकला नाही. ते तिघे बाजूला जाऊन बंगालीत कुजबुजायला लागले.

मास्तरांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी शर्ट काढून माझ्या हातात दिला, तळव्यांना एरंडेल चोळलं, खांबाला नमस्कार केला आणि चढले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, नऊ वर्षांनी. खांबाची मान पकडली, एक गुडघा वर गेला, दुसरा गेला, खांब मांड्यांच्या अढीत आला आणि मास्तरांनी दोन्ही हात सोडून दिले. डोकं खाली, हात जमिनीकडं पसरलेले, पांढऱ्या मिशा उलट्या. बँकेतल्या साहेबांनी डोळे मिटून घेतले.

सेक्रेटरीबाबू परत आले. तोंड उघडलं, वर बघितलं आणि काय बोलायचं होतं ते विसरले.

मास्तरांनी वरूनच, उलट्या तोंडानं विचारलं, ''काय ठरलं?''

''थाक,'' सेक्रेटरीबाबू म्हणाले.

आवाज फारच हळू होता. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, ''राहू दे म्हणतात, मास्तर. राहू दे.''

''बरं,'' मास्तर म्हणाले, आणि बराच वेळ खाली आले नाहीत.